कोर्टाची पायरी आणि पांढुर्ण्याचा व्यापारी

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण मराठी मुलखात घरोघर ऐकू येते. ती भित्रेपणातून निघाली असावी किंवा न्यायासनाविषयीच्या अनादरातून निघाली असावी, असे पुष्कळ सुशिक्षितांना वाटते. परंतु एखाद्या लहान दुकानदाराची कीर्द-खतावणी उघडून पाहिली, तर ही म्हण म्हणजे एक साधा हिशेब आहे, असे दिसून येईल. मोठ्या पेढीच्या दृष्टीने दावा हा वर्षाच्या खर्चातील एक रकाना असतो. तिचा पगारी वकील असतो, मुनीम तारखेला जातो आणि दुकान चालूच राहते. लहान व्यापारी मात्र स्वतःच मालक, स्वतःच मुनीम आणि स्वतःच साक्षीदार असतो. तो कोर्टात उभा राहिला की त्याच्या दुकानाला कुलूप लागते. त्याची येणे असलेली रक्कम हेच त्याचे भांडवल असते आणि दाव्याचा खर्चही त्याला त्याच भांडवलातून काढावा लागतो.

या खर्चात स्टँप, वकिलाची फी आणि समन्साचा आकार या बाबी सर्वांना दिसतात. परंतु इतिहास पाहिला तर लहान माणसाला सर्वांत जड गेलेली बाब निराळीच आहे. ती बाब म्हणजे अंतर. कोर्ट कोणत्या गावी बसते आणि दावा कोणत्या गावी लावावा लागतो, यावर न्याय स्वस्त की महाग हे पुष्कळ अंशी ठरते. ही गोष्ट पांढुर्णा आणि सौंसर या दोन गावांच्या इतिहासाइतकी स्पष्ट क्वचितच कोठे दिसेल.

हा मुलूख आज मध्यप्रदेशात आहे. छिंदवाडा सातपुड्याच्या पठारावर वसले आहे, तर सौंसर आणि पांढुर्णा घाटाखाली, नागपूरच्या मैदानाला लागून आहेत. पाणी नागपूरकडे वाहते आणि व्यापारही नागपूरकडेच वाहतो. घरची बोली मराठी, सोयरीक वऱ्हाड-नागपूरची, आणि मालाची बाजारपेठही तीच. पूर्वी कापूस आणि ज्वारी ही येथली मुख्य पिके होती. पुढे संत्र्याच्या बागा वाढल्या आणि अंबिया बहार, मृग बहार यांच्या हंगामावर गावाची उलाढाल अवलंबून राहू लागली. पांढुर्णा नागपूर-इटारसी लोहमार्गावर आहे, सौंसर नागपूर-छिंदवाडा मार्गावर. सौंसरहून नागपूर सुमारे ७० किलोमीटर, पांढुर्ण्याहून सुमारे १००. सकाळी निघालेला माणूस नागपुरात व्यवहार उरकून रात्री घरी परतू शकतो.

अशा बाजारात व्यवहार उधारीवर चालतो. बागवान बहार उभा असतानाच व्यापाऱ्याशी सौदा करतो, थोडा इसार घेतो आणि बाकीचे पैसे फळ उतरल्यावर मिळतील या भरवशावर राहतो. किराणा दुकानदार बागवानाला हंगामावर उधार देतो. पेटी करणारा, गाडीवान, खताचा विक्रेता हे सारे एकाच साखळीचे दुवे असतात. नागपूरच्या एका अडत्याने पैसे थकविले, तर ही साखळी गावातल्या शेवटच्या दुकानापर्यंत ताणली जाते. म्हणून येणे वसूल करण्याचा मार्ग हा या गावांच्या दृष्टीने केवळ कायद्याचा विषय राहत नाही, तो उपजीविकेचा विषय होतो.

इंग्रजी अमलापूर्वी हे येणे कसे वसूल होई? हा मुलूख प्रथम देवगडच्या गोंड राजांचा होता आणि अठराव्या शतकाच्या मध्यापासून नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली आला. मराठी राज्यात देण्याघेण्याचे तंटे बहुधा पंचांपुढे जात. त्याआधी सावकार स्वतः तगादा लावी. तो देणेकऱ्याच्या दाराशी माणूस बसवी, प्रसंगी स्वतः धरणे धरी. मुंबई इलाख्याचा पुढे गव्हर्नर झालेला एल्फिन्स्टन याने १८१९ च्या आपल्या अहवालात या पद्धतीचे सविस्तर वर्णन केले आहे. पंचायतीचा निकाल झाल्यावर जिंकणाऱ्याकडून हरकी आणि हरणाऱ्याकडून गुन्हेगारी अशा रकमा सरकार घेई. वसूल झालेल्या कर्जातला चौथा हिस्सा सरकारजमा करण्याचीही वहिवाट होती.

तेव्हा जुन्या काळी न्याय फुकट मिळत असे, हा समज खरा नव्हे. पंचायतींत विलंबही होई आणि बलिष्ठांची भीडही चाले. तथापि त्या पद्धतीत दोन गोष्टी लहान माणसाच्या सोयीच्या होत्या. पंच गावात किंवा जवळच्या कसब्यात बसत, आणि खर्च पुष्कळसा निकालानंतर, वसुलीच्या प्रमाणात द्यावा लागे. दावा लावण्यापूर्वीच पदरचे पैसे मोजण्याची पाळी वादीवर येत नसे.

१८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले. १८६१ मध्ये मध्यप्रांत अस्तित्वात आला आणि त्याच्या न्यायव्यवस्थेच्या शिरोभागी नागपूरचा ज्युडिशियल कमिशनर बसला. आरंभीच्या काळात तहसीलदारालाही दिवाणी अधिकार होते. सौंसर हे तहसिलीचे ठाणे असल्यामुळे लहान दाव्यांची कचेरी बाजाराच्या आवाक्यात राहिली. परंतु कचेरी जवळ राहिली तरी तिच्या दाराशी आता एक नवा खर्च उभा होता. तो म्हणजे स्टँप.

न्यायासाठी आगाऊ फी घेण्याची कल्पना बंगालमध्ये अठराव्या शतकाच्या अखेरीस रुजली. लोक विनाकारण दावे लावतात, त्यांना आळा बसावा, असे कारण १७९५ च्या तेथील रेग्युलेशनमध्ये देण्यात आले होते. कायदेमंडळाचा सदस्य म्हणून हिंदुस्थानात आलेल्या मेकॉलेने या कारणाची कडक शब्दांत थट्टा केली होती. त्याचा आक्षेप सरळ होता. फी खोट्या आणि खऱ्या दाव्यात भेद करीत नाही, ती गरीब आणि श्रीमंत यांत मात्र भेद करते. तरीही ही पद्धत टिकली आणि १८७० च्या कोर्ट फी कायद्याने ती सर्वत्र पक्की झाली.

त्या कायद्याचे मूळ कोष्टक अभ्यासण्यासारखे आहे. शंभर रुपयांच्या दाव्यास ७ रुपये ८ आणे फी पडे. हजार रुपयांच्या दाव्यास ७५ रुपये. म्हणजे लहान दाव्यावर शेकडा साडेसात हा दर होता. दावा मोठा होत जाई तसा दर उतरत जाई. पाच हजारांस २७५ रुपये आणि एक लाखास १,४२५ रुपये, म्हणजे शेकडा दीडसुद्धा नाही. दावा कितीही मोठा असला तरी ३,००० रुपयांपलीकडे फी जात नसे. पुढे प्रांतोप्रांती हे दर बदलले. परंतु मूळ कोष्टकाची शिकवण स्पष्ट आहे. ज्याचे येणे थोडे त्याच्या न्यायाचा भाव जास्त, असा हा बाजार होता.

शिवाय ही रक्कम दावा दाखल करतानाच द्यावी लागे. दावा जिंकल्यास ती प्रतिवादीकडून मिळण्याची सोय होती. परंतु मिळणे आणि हातात पडणे यांत फार अंतर असते. हिंदुस्थानातील वादीच्या अडचणी हुकूमनामा मिळाल्यानंतर सुरू होतात, अशा आशयाचा शेरा लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने १८७२ मध्येच मारला होता. दावा जिंकल्यावर दरखास्त लावावी लागते, जप्तीसाठी मालमत्ता दाखवून द्यावी लागते आणि बेलीफ रिकाम्या हातांनी परतला तर पुन्हा तारीख घ्यावी लागते. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, हा अनुभव येथे अक्षरशः येतो.

कायद्याने लहान व्यापाऱ्यावर आणखी काही ओझी टाकली. विकलेल्या मालाच्या किमतीसाठी तीन वर्षांच्या आत दावा लावला नाही, तर तो तमादीत जातो. त्यामुळे ज्याच्याशी पिढीजात व्यवहार आहे अशा गिऱ्हाइकावरसुद्धा मुदत संपण्यापूर्वी दावा तरी लावावा लागतो, नाही तर नवी कबुली तरी लिहून घ्यावी लागते. १८७२ च्या पुरावा कायद्याने नियमित ठेवलेल्या हिशेबाच्या वह्या पुराव्यात येऊ दिल्या. पण केवळ वहीतल्या नोंदीवरून कोणालाही देणेकरी ठरविता येणार नाही, असेही सांगितले. मोठ्या पेढीजवळ ऑर्डर, पावती, गाडीची बिल्टी असे सर्व कागद असतात. लहान दुकानदाराजवळ बहुधा वहीच असते. १९३२ च्या भागीदारी कायद्याने नोंदणी न झालेल्या भागीदारी पेढीला, शंभर रुपयांपर्यंतचे किरकोळ दावे वगळता, बाहेरच्या माणसावर कराराचा दावा लावण्यास मनाई केली. दोन भाऊ किंवा मामा-भाचे तोंडी भागीदारीवर दुकान चालवीत असले, तर त्यांचे येणे कितीही खरे असले तरी कोर्टाचे दार बंद. या साऱ्या नियमांना कारणे आहेत आणि ती वाजवीही आहेत. परंतु कागद सांभाळण्याची ज्याला सवय आणि ऐपत आहे, त्याच्याकडेच त्यांचा कल राहिला, हेही तितकेच खरे आहे.

राज्यकर्त्यांना या अडचणी दिसत नव्हत्या असे नाही. दक्षिणेत मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर आणि घरांवर हल्ला केला. पुढे नगर जिल्ह्यातही हे लोण गेले. त्यांचा रोख पैशांपेक्षा कर्जरोख्यांवर आणि हुकूमनाम्यांवर अधिक होता. ज्या कागदाच्या बळावर कोर्टात आपली जमीन जाते तो कागदच जाळावा, ही त्यामागची भावना होती. त्यानंतर १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी खास कायदा झाला आणि गावपातळीवरचे मुन्सफ व तडजोड घडविणारे मध्यस्थ नेमण्याची तरतूद त्यात करण्यात आली. १८८७ मध्ये स्मॉल कॉज कोर्टांचा कायदा आला. पाचशे रुपयांपर्यंतचे, आणि प्रांतिक सरकारने वाढ दिल्यास हजार रुपयांपर्यंतचे साधे पैशाचे दावे तेथे थोडक्यात चालावेत आणि त्यांवर अपिलांची मालिका लागू नये, असा त्याचा हेतू होता.

मध्यप्रांताने तर याबाबतीत पुढचे पाऊल टाकले. १९२९ नंतरच्या मंदीत कापसाचे भाव कोसळले आणि शेतकरी, सावकार, दुकानदार असे तिघेही एकदम अडचणीत आले. त्या वेळी १९३३ चा कर्ज समेट कायदा या प्रांतात झाला. शेतकऱ्याच्या कर्जाचा तंटा मंडळापुढे यावा, देणेकरी आणि सावकार यांनी समोरासमोर बसून रक्कम ठरवावी, हप्ते बांधावेत, अशी त्याची योजना होती. त्यातील एक कलम विशेष ध्यानात ठेवण्यासारखे आहे. देणेकऱ्याने देऊ केलेली वाजवी तडजोड सावकाराने नाकारली, तर मंडळ देणेकऱ्याला तसा दाखला देई. मग सावकाराने त्या कर्जासाठी कोर्टात दावा लावला, तरी त्याला दाव्याचा खर्च मिळत नसे आणि दाखल्यानंतरचे व्याज शेकडा सहाच्या वर जात नसे. कोर्टखर्चाची भीती आजवर दुबळ्याला होती, ती येथे प्रथमच हटवादी पक्षावर उलटविली गेली. तडजोड घडविण्यास उपदेशापेक्षा खर्चाचा हिशेब अधिक उपयोगी पडतो, हे त्या कायद्याने ओळखले होते.

जानेवारी १९३६ मध्ये नागपूरला हायकोर्ट स्थापन झाले. सौंसर-पांढुर्ण्याच्या दृष्टीने ही सोयीची स्थिती होती. बाजार नागपुरात, अडत्या नागपुरात, सर्वांत वरचे प्रांतिक न्यायालयही नागपुरात. संत्र्याचे पैसे मागावयास गेलेला माणूस त्याच फेरीत वकिलालाही भेटू शकत होता. भाषेचा प्रश्नही मोठा नव्हता. १९५० च्या राजभाषा कायद्याने जुन्या मध्यप्रदेशात हिंदी आणि मराठी या दोन्ही भाषांना मान्यता दिली होती.

१ नोव्हेंबर १९५६ या दिवशी हे चित्र पालटले. राज्य पुनर्रचनेत नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा आणि वऱ्हाडचे चार असे आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले. छिंदवाडा जिल्हा मात्र अखंड नव्या मध्यप्रदेशात राहिला आणि त्याच्याबरोबर घाटाखालचा हा मराठी भागही राहिला. नागपूरला मुंबई हायकोर्टाचे खंडपीठ आले. मध्यप्रदेशचे हायकोर्ट जबलपूरला गेले. नागपूरचे अखेरचे मुख्य न्यायाधीश न्यायमूर्ती हिदायतुल्ला हेच जबलपूरचे पहिले मुख्य न्यायाधीश झाले. न्यायाधीशांबरोबर न्यायालय गेले, पण बाजार कोठे जाणार? तो नागपुरातच राहिला. १९५७ च्या कायद्याने नव्या राज्याची राजभाषा हिंदी झाली. मराठीत लिहिलेली वही आता भाषांतराशिवाय पुरी पडेल याची खात्री राहिली नाही.

पांढुर्ण्याहून वा सौंसरहून जबलपूर अडीचशे किलोमीटरच्या पलीकडे आहे. एका तारखेसाठी जाणे, मुक्काम करणे आणि परतणे यांत दोन ते तीन दिवस मोडतात. समजा, अपील चार वर्षे चालले आणि वर्षातून तीन वेळा पक्षकाराला स्वतः जावे लागले. बारा फेऱ्यांत तीस-पस्तीस दिवस गेले. हे दिवस कोणत्याही हुकूमनाम्यात धरले जात नाहीत. कोर्ट खर्च देवविते तो स्टँपचा, वकिलाच्या ठराविक फीचा आणि साक्षीदारांच्या भत्त्याचा. बंद दुकानाचा, हातून गेलेल्या गिऱ्हाइकाचा आणि बुडालेल्या हंगामाचा खर्च कोणीच देववीत नाही. खोट्या किंवा त्रासदायक दाव्याबद्दल भरपाई देवविण्याचे खास कलम दिवाणी संहितेत १९२२ साली आले, परंतु त्याची मर्यादा हजार रुपये होती. १९७६ मध्ये ती ३,००० झाली आणि तेवढ्यावरच थांबली.

आता राज्यांच्या सीमेमुळे आणखी एक पेच उभा राहिला. १९०८ च्या दिवाणी संहितेप्रमाणे दावा एक तर प्रतिवादी जेथे राहतो किंवा धंदा करतो तेथे लावता येतो, नाही तर ज्या व्यवहारातून तंटा निघाला तो जेथे पूर्ण वा अंशतः घडला तेथे. संत्र्याचा सौदा पांढुर्ण्याच्या बागेत झाला असला, तर पांढुर्ण्याच्या बाजूच्या कोर्टात दावा लागू शकतो. परंतु माल नागपूरच्या संत्रा मार्केटात किंवा कळमन्यात अडत्याकडे उतरला आणि हिशेब तेथेच झाला, तर वाद पहिल्याच दिवशी सुरू होतो. तो वाद पैसे देणे आहे की नाही याचा नसतो, दावा कोणत्या गावी चालावा याचा असतो. आणि दावा आपल्या गावी जिंकला तरी देणेकऱ्याची मालमत्ता नागपुरात असेल, तर हुकूमनामा अंमलबजावणीसाठी तिकडच्या कोर्टाकडे पाठवावा लागतो. म्हणजे पायरी एक चढून झाली की दुसरी उभी.

मोठ्या व्यापाऱ्यांनी ही गोष्ट फार लवकर ओळखली. त्यांच्या छापील बिलाच्या तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ असते. सर्व वाद अमुक शहराच्या न्यायक्षेत्रातच चालतील, असे ती सांगते. माल घेणारा लहान दुकानदार ती वाचीत नाही. परंतु तिचे मोल किती आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या १९७१ च्या एका निकालावरून कळते. हाकम सिंग नावाच्या कंत्राटदाराने एका मोठ्या बांधकाम कंपनीविरुद्ध वाराणसीच्या कोर्टात धाव घेतली होती. करारात मात्र मुंबईच्याच कोर्टांना अधिकार असल्याचे कलम होते. कंपनीचे मुख्य कार्यालय मुंबईत असल्यामुळे तेथील कोर्टाला कायद्याने अधिकार होताच. दोन कोर्टांना अधिकार असताना पक्षकारांनी करारात एक निवडले, तर तो करार बंधनकारक आहे, असा निर्णय झाला. कायद्याच्या दृष्टीने तो सुसंगत आहे. पण लहान माणसासाठी त्यातला धडा असा की दावा कोणत्या गावी चालणार हे सौद्याच्या दिवशीच ठरते, तंट्याच्या दिवशी नव्हे.

पुढे धनादेशाच्या बाबतीत हाच प्रश्न साऱ्या देशापुढे आला. १ एप्रिल १९८९ पासून पैसे नसताना दिलेला धनादेश परत येणे हा गुन्हा ठरला. दिवाणी दाव्याच्या लांबीला कंटाळलेल्या व्यापाऱ्यांना हा मोठा आधार वाटला, कारण येथे दाव्याच्या रकमेवर स्टँप चढत नव्हता आणि देणेकऱ्याला शिक्षेचा धाक होता. १९९९ च्या एका निकालाने फिर्याद कोठे करावी याबाबत तक्रारदाराला बरीच मोकळीक दिली. तिचा दुरुपयोगही झाला, देणेकऱ्याला मुद्दाम दूरच्या गावी खेचले जाऊ लागले. म्हणून १ ऑगस्ट २०१४ रोजी दशरथ रूपसिंग राठोड विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की, धनादेश ज्या बँकेवर काढला असेल त्या बँकेच्या शाखेच्या गावीच फिर्याद चालेल. ज्या प्रकरणांत समन्सानंतरचा पुरावा सुरू झाला नव्हता, ती तक्रारदारांना परत देण्यात येऊ लागली. नागपूरच्या बँकेवरचा धनादेश घेतलेल्या पांढुर्ण्याच्या दुकानदाराला याचा अर्थ कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. एका वर्षाच्या आत, जून २०१५ मध्ये, वटहुकूम निघाला आणि पुढे कायदाही झाला. धनादेश घेणाऱ्याने तो आपल्या खात्यात भरला असेल, तर त्याच्या शाखेच्या गावी फिर्याद चालेल, असा नियम आला. गुन्ह्याची व्याख्या यात कोठेही बदलली नव्हती. फिर्यादीचे गाव तेवढे बदलले होते, आणि त्या एका बदलावर असंख्य लहान व्यापाऱ्यांचे येणे अवलंबून होते.

हेच तत्त्व २००६ च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या कायद्यात अधिक स्पष्टपणे आले आहे. लघुउद्योगाने पुरविलेल्या मालाचे पैसे करारात काहीही लिहिले असले तरी ४५ दिवसांच्या आत दिले पाहिजेत; न दिल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ होणारे व्याज द्यावे लागते. तंटा सुविधा परिषदेपुढे जातो, आणि माल पुरविणारा ज्या राज्यात आहे तेथील परिषदेला खरेदीदार देशात कोठेही असला तरी अधिकार असतो. परिषदेचा निर्णय खरेदीदाराला मान्य नसेल, तर ठरलेल्या रकमेच्या ७५ टक्के रक्कम भरल्याशिवाय त्याचे म्हणणे कोर्ट ऐकत नाही. सौंसरजवळ बोरगावला औद्योगिक वसाहत आहे. अशा ठिकाणी सुटे भाग वा पॅकिंगचा माल पुरविणाऱ्या छोट्या कारखानदाराला ही तरतूद मोलाची आहे. परंतु तिची कुंपणेही ध्यानात घेतली पाहिजेत. २०२१ मध्ये किरकोळ व घाऊक व्यापाऱ्यांना या यादीत नोंदणी मिळाली, ती केवळ बँकांच्या अग्रक्रमाच्या कर्जापुरती. थकलेल्या पैशांबाबतचे संरक्षण त्यांना मिळाले नाही. आणि संत्र्याचा बागवान तर या कायद्याच्या कक्षेत येतच नाही. ज्या दोन वर्गांवर पांढुर्ण्याचा बाजार उभा आहे, ते दोन्ही कुंपणाबाहेर राहिले.

त्यांच्यासाठी खुला असलेला सर्वांत जवळचा मार्ग म्हणजे लोकअदालत. १९८७ च्या कायद्याने, आणि प्रत्यक्षात १९९५ पासून, तिला कायदेशीर अधिष्ठान मिळाले. तेथे झालेली तडजोड हुकूमनाम्याच्या बरोबरीची असते, तिच्यावर अपील नसते आणि चालू दावा तेथे मिटला तर भरलेली कोर्ट फी परत मिळते. ज्या फीवर मेकॉलेने टीका केली आणि जिच्याविषयी सेटलवाड यांच्या विधि आयोगाने १९५८ च्या अहवालात न्यायदान हे उत्पन्नाचे साधन नव्हे असे बजावले, ती फी निदान समेट करणाऱ्याला तरी येथे परत मिळते. तथापि समेटाला दोन पक्ष लागतात. देणेकऱ्याला विलंबातच लाभ दिसत असेल, तर तो लोकअदालतीत येऊन काय करील? शंभरांपैकी साठ घेऊन मिटवा, हा सल्ला लहान व्यापारी मानतो, तो साठ न्याय्य वाटतात म्हणून नव्हे, तर उरलेल्या चाळिसांसाठी चाळिसांहून अधिक खर्च येईल हे त्याला कळते म्हणून. १९३३ च्या कायद्याने वाजवी तडजोड नाकारणाऱ्यावर खर्चाचा भार टाकला होता. त्या युक्तीची आठवण येथे होणे स्वाभाविक आहे.

२०२३ मध्ये पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आले. जिल्ह्याचे ठाणे घाट चढून छिंदवाड्याला होते, ते घाटाखाली आले. जिल्ह्याची कचेरी जवळ येण्याचा लाभ लहान नाही. कोरोनाच्या साथीनंतर दूरदृश्य माध्यमातून सुनावणी आणि संगणकावरून दाखल होणारे दावे हेही अधिक रूढ झाले आहेत. वकील जबलपूरला उभा असताना पक्षकाराने आपल्या दुकानातून कामकाज पाहावे, हे आता अशक्य राहिलेले नाही. परंतु साक्ष, जप्ती आणि वसुली यांसाठी माणसाला अजूनही माणसापर्यंत जावे लागते, आणि राज्याची सीमा नागपूर आणि पांढुर्णा यांच्यामध्ये तशीच आहे.

या दीर्घ इतिहासाचा विचार केला असता एक गोष्ट वारंवार समोर येते. जेव्हा जेव्हा कायदा करणाऱ्यांनी दाव्याचे ठिकाण येणेकऱ्याच्या जवळ आणले आणि विलंबाचा खर्च विलंब करणाऱ्यावर टाकला, तेव्हा लहान व्यापाऱ्याला न्याय मिळण्याची शक्यता वाढली. १९३३, २००६ आणि २०१५ ही त्याची तीन उदाहरणे होत. जेव्हा ठिकाण दूर गेले, मग ते राज्यांच्या पुनर्रचनेने असो, करारातल्या बारीक ओळीने असो किंवा एखाद्या निकालाने असो, तेव्हा त्याचा हक्क पुस्तकात तसाच राहिला आणि पैसे मात्र दुसऱ्याच्या तिजोरीत राहिले. म्हणून पांढुर्ण्याच्या बागवानाने आणि सौंसरच्या दुकानदाराने सौद्याच्या दिवशीच चार गोष्टी केल्या पाहिजेत. सौदा कोणत्या गावी झाला हे लिहून घ्यावे, बिलाच्या तळाची ओळ वाचावी, भागीदारीची नोंदणी करावी आणि तीन वर्षांची मुदत विसरू नये. या चार गोष्टींना खर्च फार थोडा आहे. आणि ज्यांच्या हाती कायदा आहे त्यांनी कुंपणाबाहेर राहिलेल्या बागवानाला आणि व्यापाऱ्याला आपल्याच गावी, थोडक्या फीत, थकलेले पैसे मागण्याची सोय करून द्यावी. तोवर शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये असे म्हणणाऱ्या दुकानदाराला भित्रा म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही.